मोर्तब, पेठ आणि मार्फत
(पत्राच्या विश्वासाचा इतिहास)

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मंडळाच्या पत्रव्यवहाराविषयी काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली तेव्हा प्रथम मी संकोचलो. गणेशोत्सव, नाटके, संक्रांतीचे हळदीकुंकू, कोजागिरीचे मसाला दूध यांच्या आठवणी सर्वांनाच प्रिय असतात. पत्रव्यवहाराची आठवण कोण काढतो? परिपत्रक वेळेवर पोहोचले तर ते कोणी लिहिले, कोणी पाठविले हे कोणी विचारीत नाही. न पोहोचले तर मात्र कार्यवाहाचा उद्धार होतो. तो उद्धार माझ्या वाट्याला एकदा आला, आणि त्याच निमित्ताने हा विषय मी अभ्यासिला.

मी कार्यवाह असतानाची गोष्ट. मंडळाच्या स्थापनेपासून राबलेल्या एका ज्येष्ठ काकूंचे निधन झाले. शोकसभेची सूचना मी त्याच संध्याकाळी ई-मेलने सर्व सभासदांना धाडली. सभा झाली, पण कित्येक परिचित चेहरे दिसले नाहीत. पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेत गेलेल्या जुन्या सभासदांपैकी एकाचेही सांत्वनाचे पत्र काकूंच्या घरी आले नाही. चार दिवसांनी सदर बाजारात एक जुने स्नेही भेटले. सराफ्याच्या त्या गजबजाटात त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "अहो, आम्हांला कळविलेसुद्धा नाहीत?" मी कळविले होते. ते त्यांच्या संगणकावरील 'स्पॅम' नावाच्या कप्प्यात, लॉटरीच्या आणि खोट्या कर्जांच्या पत्रांच्या शेजारी, मुकाट्याने पडून होते. पत्र खरे होते, पाठविणारा खरा होता, मजकूर दुःखाचा होता. परंतु ते खरे आहे याची खूण त्याच्यावर नव्हती.

खऱ्या पत्राची खूण कोणती, हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. तो आपल्या दफ्तरांइतका जुना आहे, आणि ज्या गावात आपण राहतो त्या गावाच्या इतिहासाशी त्याचा संबंध आहे.

छत्तीसगडात मराठी माणूस आला तो नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांबरोबर. १७४१ मध्ये भास्करपंतांनी रतनपुरावर स्वारी केली. पुढे बिंबाजी भोसले यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहून कारभार पाहिला. त्यांच्या मृत्यूनंतर नागपुराहून नेमलेले सुभेदार येऊ लागले. १८१८ मध्ये इंग्रजांची देखरेख आल्यावर मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास हलले, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. या साऱ्या काळात नागपूर आणि छत्तीसगड यांच्यामध्ये शेकडो मैलांचा, पुष्कळसा रानावनांचा मुलूख होता, आणि कारभार चालत होता तो जासूद-हरकाऱ्यांच्या हाती दिलेल्या कागदांवर. कागद हाती घेणाऱ्या कमाविसदाराने पाठविणाऱ्याचे तोंड पाहिलेले नसे. मग हुकूम खरा, हे त्याने ओळखावे कसे?

मराठी दफ्तराने त्याची व्यवस्था लावून दिली होती. राजपत्राच्या आरंभी शिक्का असे. त्यावरून पत्र कोणाचे ते कळे. कागद लांब असला, म्हणजे अनेक बंद एकास एक चिकटविलेले असले, तर पाठीमागे जोडांवर शिक्के उमटवीत, म्हणजे मधला बंद काढून दुसरा घालता येऊ नये. आणि मजकूर संपला की त्याच्या लगोलग मोर्तब होई. मोर्तब म्हणजे मर्यादेची मुद्रा. लेखनाची सीमा येथे झाली. याच्या खाली कोणी एक अक्षर वाढविल्यास ते आमचे नव्हे, असा तिचा अर्थ. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आज सहज जोडून उच्चारतो. पण त्यात दोन निरनिराळी कामे आहेत. शिक्का सांगतो, पत्र कोणाचे. मोर्तब सांगते, पत्र किती. वाचकांनी हा भेद कृपा करून ध्यानात ठेवावा, कारण पुढे संगणकाच्या प्रकरणात तोच आपल्याला वाट दाखविणार आहे.

दुसरी परंपरा सराफ्याची. आपल्या सदर बाजारात आज सोन्याचांदीची झगमग दिसते. परंतु हिंदुस्थानभरच्या सराफपेढ्यांचे खरे सामर्थ्य दागिन्यांइतकेच हुंडीच्या एका चिटोऱ्यात होते. एका गावच्या पेढीने लिहावे आणि शेकडो कोसांवरील दुसऱ्या पेढीने ते वाचून रोख रक्कम मोजावी, हा व्यवहार निव्वळ अक्षराच्या भरवशावर कसा चाले, हे पाहण्यासारखे आहे. हुंडीत रक्कम एकदाच लिहीत नसत. रुपये हजार, त्यांचे निमे पाचशे, त्यांचे दुप्पट, अशी ती फिरवून लिहीत, म्हणजे एक आकडा खोडून भागू नये. हुंडी वाटेत गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत देत, तिला 'पेठ' म्हणत. तीही गहाळ झाली तर तिसरी, 'परपेठ'. एकीवर रक्कम चुकती झाली की बाकीच्या रद्द. 'शाहजोग' हुंडीचे पैसे वाटेल त्याच्या हाती पडत नसत. ते 'शाहा'लाच, म्हणजे बाजारात पत असलेल्या इभ्रतदार आसामीलाच मिळत.

हुंडी विकत घेऊन पुढे देणाराही आपले नाव तिच्यावर घाली. ती पाच हातांतून गेली तर पाच नावे उमटत, आणि पुढे वाद निघाला तर ज्याचे नाव, त्याला जबाब द्यावा लागे. या रीतीची महती इंग्रज सरकारनेही ओळखली. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवजांच्या कायद्याने देशी भाषांतील अशा कागदांविषयीचे स्थानिक रिवाज अबाधित राखले. मधल्या माणसाने आपले नाव लपवू नये, ते उघडपणे कागदावर घालावे, हा सराफ्याचा दंडक होय.

तिसरी परंपरा टपालाची. १८५४ मध्ये हिंदुस्थानभर सारख्या दराची तिकिटे सुरू झाली आणि पत्र ही सामान्य माणसाच्या आवाक्यातील वस्तू बनली. नागपुराहून येणारी रेल्वे १८९० च्या सुमारास रायपूर ओलांडून पुढे गेली, आणि जासुदाच्या वाटेने टपालाच्या थैल्या धावू लागल्या. या टपालाच्या जोरावर आपल्या मराठी बांधवांनी केलेला एक उद्योग येथे सांगितलाच पाहिजे. जानेवारी १९०० मध्ये पेंड्राहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक निघाले. संपादक माधवराव सप्रे व रामराव चिंचोलकर, आणि मालक वामन बळीराम लाखे. तिघेही मराठी. ज्या भूमीत राहिलो तिच्या भाषेची सेवा करावी, हा त्यांचा बाणा. मासिक १९०२ च्या अखेरीपर्यंत, तीन वर्षे चालले आणि पैशाच्या ओढाताणीपायी बंद पडले. अंक टपालाने घरोघर पोहोचविणे ही एक गोष्ट, आणि तो घेणाराच्या मनाला हवासा असून त्याने वर्गणी धाडणे ही दुसरी. ग्राहकयादी चालविणाऱ्या प्रत्येकाला हा धडा केव्हा ना केव्हा गिरवावा लागतो.

आपल्या मंडळाच्या पहिल्या कार्यवाहांच्या हाती पोस्टकार्ड होते, सायक्लोस्टाईलचे यंत्र होते आणि पत्त्यांची एक जाड वही होती. वार्षिक सभेची सूचना 'यू.पी.सी.'ने, म्हणजे टपालात टाकल्याचा दाखला घेऊन पाठवीत. थोडक्या पैशांत कित्येक पत्त्यांच्या यादीवर पोस्टाचा छाप मिळे, आणि "मला नोटीस मिळाली नाही" म्हणणाऱ्याचे तोंड बंद होई. टपाल खात्याने ती सोय २०११ मध्ये बंद केली. पुढे २०२५ मध्ये रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झाले. वहीतील पत्त्यांखाली एके काळी सहा आकड्यांचा पिनकोड चढला, त्यामागेही एक मराठी माणूस होता. संस्कृत पंडित आणि टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेने १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. एकाच नावाची अनेक गावे, अनेक लिप्या आणि न लागणारी अक्षरे यांवरचा तो तोडगा. आपल्या शहराच्या ४९२००१ मधील पहिला ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्यप्रदेश आणि छत्तीसगड यांचा सामाईक अंक आहे. राज्ये वेगळी झाली, तरी टपालाच्या हिशेबी आपण अजून एकाच परिवारात आहोत, ही गोष्ट मला नेहमी सुखावते.

आता ई-मेलकडे वळू. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र धाडले, आणि ऑगस्ट १९८२ मध्ये जोनाथन पोस्टेल यांनी या टपालाचे नियम लिहून काढले. त्यांचे मूळ रूप आजही चालू आहे. त्या नियमांत दोन ठिकाणी पाठविणाऱ्याचे नाव येते. एक पाकिटावर, ते फक्त संगणक वाचतात, आणि पत्र न पोहोचल्यास ते तेथे परत जाते. दुसरे पत्राच्या आत, मायन्याच्या जागी; तेच आपल्याला दिसते. ही दोन नावे एक असावीत असा नियम नव्हता, आणि त्यांपैकी एकाचीही खातरजमा कोणी करीत नसे. हा निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. ज्या थोड्या विद्यापीठांत आणि संशोधनसंस्थांत हे टपाल फिरे, तेथे बहुतेक एकमेकांना ओळखीत होते. घरच्या मंडळींमध्ये चिठ्ठीवर कोणी मोर्तब करीत नाही. तथापि १९७८ च्या मे महिन्यातच एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे चारशे जणांना न मागता जाहिरात धाडली होती, आणि ती पहिली सार्वत्रिक उपद्रवी ई-मेल समजली जाते. पुढे हे टपाल साऱ्या जगाचे झाले. बँकेच्या नावाने ठकसेन लिहू लागले, आणि शिक्का नसलेला कागद किती घातक, हे सर्वांना उमगले.

यावर तीन उपाय निघाले. पहिला 'एसपीएफ', २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला. ज्याचे डोमेन, म्हणजे ई-पत्त्यातील चिन्हापुढचे नाव, तो मालक इंटरनेटच्या जाहीर नोंदवहीत लिहून ठेवतो की, आमची पत्रे अमुक अमुक यंत्रांमधूनच निघतात. पत्र घेणारा संगणक पाकिटावरचे नाव पाहतो, नोंदवही उघडतो आणि आणणारा जासूद यादीतला आहे का ते ताडून पाहतो. दुसरा 'डीकेआयएम', २००७ चा. यात पाठविणारे यंत्र पत्रातील मजकुरावर गणिती मुद्रा उमटविते. मुद्रा करण्याची किल्ली गुप्त, ती तपासण्याची किल्ली नोंदवहीत सर्वांसाठी खुली. मजकुरात एक अक्षर वाढले वा घटले तरी मुद्रा जुळत नाही. पहिला उपाय जासुदाची ओळख पटवितो. दुसऱ्यात शिक्का आणि मोर्तब दोन्ही आली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

परंतु या दोहोंनीही एक उणीव राहिली. वाचकाच्या डोळ्यांना जे नाव दिसते, त्याच्याशी या खुणा जोडलेल्या नव्हत्या. जासूद खरा, मुद्राही खरी, पण ती भलत्याच घरची, असे होऊ शके. म्हणून २०१२ मध्ये 'डीमार्क' पुढे आले आणि २०१५ मध्ये ते रीतसर ग्रंथित झाले. मायन्यातील नावाचे डोमेन या दोन खुणांपैकी निदान एकीशी जुळलेच पाहिजे. न जुळल्यास पत्राचे काय करावे, हे त्या डोमेनचा मालक आगाऊ जाहीर करितो. तसेच चालू द्या, संशयाच्या कप्प्यात टाका, किंवा दारातूनच परत धाडा, अशा त्या तीन आज्ञा. शिवाय आपल्या नावाने कोठून कोठून पत्रे आली, याचे अहवालही मालकाकडे येऊ लागले.

हे सर्व एका घराने दुसऱ्या घरास लिहिण्यापुरते उत्तम. आपल्यासारख्या मंडळांची अडचण निराळी आहे. कित्येक मंडळे एक सामाईक पत्ता चालवितात. सभासदाने त्या पत्त्यावर लिहिले की यंत्र त्याच्या प्रती सर्वांना वाटते. वाटताना विषयाच्या आरंभी मंडळाचे नाव जोडते, आणि पत्राखाली "सभासदत्वासाठी येथे लिहा" अशा दोन ओळी टाकते. वाचकहो, मोर्तबाखाली ओळी वाढविल्या! मुद्रा मोडली. जासूदही मंडळाचा, लेखकाच्या घरचा नव्हे. मायन्यात मात्र लेखकाचेच नाव.

एप्रिल २०१४ मध्ये याहू कंपनीने, आणि तिच्या पाठोपाठ एओएलने, आपल्या डोमेनसाठी 'दारातूनच परत धाडा' ही आज्ञा जाहीर केली. आपल्या ग्राहकांच्या नावाने चाललेली फसवणूक थांबविणे हा हेतू. पण जगभरच्या सामाईक याद्या एका रात्रीत अडल्या. याहूचा पत्ता असलेल्या एका सभासदाने लिहावे, ते इतर कंपन्यांच्या दारांतून परत यावे, आणि परत आलेल्या पत्रांची संख्या मोजून यादीच्या यंत्राने ज्यांचा काही दोष नाही अशा सभासदांचीच नावे स्थगित करावीत, असा विपरीत प्रकार घडला.

यातून याद्या चालविणाऱ्यांनी जो मार्ग काढला, त्याला आपल्याकडे जुना, सुरेख शब्द आहे: मार्फत. नव्या गावी गेलेल्या मुलाचे पत्र घरमालकाच्या मार्फत येई, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्याप्रमाणे मायन्यात 'अमुक, मंडळामार्फत' असे नाव येऊ लागले. पत्ता मंडळाचा, मुद्रा मंडळाची, आणि उत्तर लेखकाकडे जावे यासाठी त्याचा पत्ता वेगळ्या ओळीत. पुष्कळांना हे रुचले नाही; मूळ लेखकाचे नाव झाकले जाते, अशी त्यांची तक्रार, आणि ती अगदीच खोटी नाही. यासाठी २०१९ मध्ये 'आर्क' नावाची योजना प्रसिद्ध झाली. पत्र ज्या ज्या मध्यस्थाच्या हातून जाते, त्याने ते हाती आले तेव्हा कसे होते याची साक्ष स्वतःच्या मुद्रेनिशी जोडावी, अशी ती साखळी आहे. अर्थात साक्षीला मोल तेव्हाच, जेव्हा घेणाऱ्याचा साक्षीदारावर विश्वास असतो. पाच हातांतून गेलेल्या हुंडीवरील पाच नावांची आठवण येथे कोणाला होणार नाही? आणि शाहजोग हुंडीला जसा शाहा लागे, तसा येथेही पत असलेला मध्यस्थच लागतो.

पत ही मात्र एका दिवसात मिळत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी नियम कडक केले. दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे जीमेलच्या पत्त्यांवर धाडणाऱ्याला वरील तिन्ही खुणा आवश्यक झाल्या. जाहिरातवजा पत्रांत एका टिचकीसरशी नाव काढून घेण्याची सोय असावी, आणि 'हे नको' अशा तक्रारी हजारी तीनच्या आत राहाव्यात, असेही ठरले. लहान मंडळांनाही पहिल्या दोन खुणांपैकी एक तरी हवीच. टपालात जसे 'पत्ता सोडून गेले', 'घेण्यास नकार' असे शेरे मारून पत्र परत येई, तसे येथेही शेरे येतात. ते वाचून वही दुरुस्त न करणाऱ्याची पत घसरत जाते.

आमचे काय चुकले होते, ते आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. फुकट मिळणाऱ्या एका खाजगी पत्त्याच्या नावाने, परंतु भाड्याने घेतलेल्या दुसऱ्याच यंत्रणेतून आम्ही परिपत्रके धाडीत होतो. मायन्यात एक घर, जासूद दुसऱ्या घरचा, मुद्रा तिसऱ्याची. यादीत वर्षानुवर्षांचे मृत पत्ते होते, आणि कित्येकांना तर त्यांची संमती न विचारताच आम्ही घेतले होते. दोष संगणकाचा नव्हता. अशा कागदावर कोणत्याही सराफाने एक रुपया दिला नसता.

त्यानंतर मंडळाने स्वतःचे डोमेन घेतले. तिन्ही नोंदी केल्या. डीमार्कची आज्ञा पहिले काही महिने सौम्य ठेवून अहवाल पाहिले, आणि आपली सर्व पत्रे जुळतात अशी खात्री झाल्यावरच ती कडक केली. प्रत्येक सभासदाला फोन करून पत्ता विचारला, पाठवू का म्हणून विचारले, आणि नको म्हणणाऱ्याचे नाव आनंदाने काढले. ह्या फोनांनी एक लाभ अनपेक्षित झाला. कित्येक घरांशी दहा-दहा वर्षांनी बोलणे झाले. कोणाच्या आई गेल्या होत्या, कोणाला नातू झाला होता, कोणी रायपूर सोडून मुलाकडे गेले होते. वही दुरुस्त करता करता मंडळ पुन्हा ओळखीचे झाले.

काकूंच्या घरी मी पुढे गेलो आणि घडलेले सर्व सांगून क्षमा मागितली. त्यांच्या कन्येने मला एक जुनी पेटी उघडून दाखविली. मंडळाची पहिल्या वर्षांतील पोस्टकार्डे काकूंनी तारीखवार जपून ठेविली होती. शाई फिकटली होती, तरी प्रत्येकावर खाली कार्यवाहांची सही होती आणि बाजूला रायपूर टपालाचा काळा गोल ठसा. कोणाचे पत्र, किती मजकूर, कोणाच्या हातून आले, हे सारे पन्नास वर्षांनंतरही त्या एवढ्याशा कार्डावर स्पष्ट वाचता येत होते. पुढील कार्यवाहांनी आपल्या हातून निघणाऱ्या प्रत्येक पत्राकडे एकदा त्याच दृष्टीने पाहावे, एवढीच माझी त्यांना विनंती आहे.